मधला पाणकावळा

महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांवर, गावतळ्यांवर, नद्यांच्या डोहांत आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांमध्ये बुडी मारून मासे पकडणारे जे काळे पक्षी दिसतात, त्यांना मराठीत सरसकट पाणकावळा किंवा करढोक म्हटले जाते. प्रत्यक्षात या एका नावाखाली तीन स्वतंत्र जाती वावरत असतात. छोटा पाणकावळा, भारतीय पाणकावळा आणि मोठा पाणकावळा अशी त्यांची नावे असून, त्यांपैकी पहिला आणि तिसरा ओळखताना थोड्या सरावानंतर फारशी अडचण पडत नाही. अडचण पडते ती मधल्याची. त्याचे वर्णन बहुतेक वेळा ‘छोट्यापेक्षा मोठा आणि मोठ्यापेक्षा छोटा’ अशा सापेक्ष शब्दांनी सुरू होते, आणि पाण्यातल्या खुंटावर एकट्याच बसलेल्या काळ्या पक्ष्याकडे पाहणाऱ्याला या वर्णनाचा काहीच उपयोग होत नाही, कारण तुलनेसाठी शेजारी ना छोटा असतो ना मोठा. मग तो पक्षी लहान वाटला तर छोट्याच्या खात्यावर आणि थोराड वाटला तर मोठ्याच्या खात्यावर जमा होतो. वास्तविक या जातीला स्वतःची अशी ठाशीव ओळख आहे. मात्र ती शरीराच्या लांबी-रुंदीत नसून डोके आणि चोच यांच्या घडणीत आहे.

भारतीय पाणकावळ्याचे शास्त्रीय नाव फॅलॅक्रोकोरॅक्स फुसिकोलिस असून इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जेम्स फ्रान्सिस स्टीफन्स याने 1826 मध्ये या जातीचे वर्णन केले. मोठा पाणकावळा युरोपातही आढळत असल्याने लिनियसने त्याला 1758 मध्येच नाव दिलेले होते. जुनी पुस्तके आणि जुन्या पक्षीयाद्या चाळणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती अशी की, त्यांत भारतीय पाणकावळा ‘इंडियन शॅग’ या नावाने येतो आणि छोटा पाणकावळा आजच्या मायक्रोकार्बो या प्रजातीऐवजी इतर दोघांच्याच प्रजातीत घातलेला असतो. छोट्याचा वेगळा गट मानला जाण्यामागे आनुवंशिक पुराव्यांचा आधार आहे, म्हणजे दिसायला तिघे सख्खे भाऊ वाटत असले, तरी भारतीय आणि मोठा हे एकमेकांना जवळचे आणि छोटा थोडा लांबच्या नात्यातला आहे. हे नाते निरीक्षकाच्या कामाचे आहे, कारण भारतीय पाणकावळ्याची अंगलट मोठ्याकडे झुकणारी असते, तर आकारमान छोट्याकडे, आणि बहुतेक सगळा घोटाळा याच विसंगतीतून होतो.

पण तिघांत निवड करण्यापूर्वी समोरचा पक्षी पाणकावळाच आहे, याची खात्री हवी. पोहणारा पाणकावळा पाण्यात बराच खोल बसतो; त्याची पाठ जेमतेम पृष्ठभागावर दिसते, मान ताठ असते आणि चोच किंचित वर उचललेली असते. बदकाचे शरीर याउलट पाण्यावर तरंगते आणि चोच सपाट धरलेली असते. वारकरी हा काळा पक्षीही बुड्या मारतो, परंतु त्याची पांढरी चोच आणि कपाळावरची पांढरी ढाल लांबूनही लपत नाही. टिबुकली तर मुठीएवढी, जवळजवळ बिनशेपटीची असते. खरी गल्लत होते ती तिरंदाजाशी, ज्याला सापासारख्या मानेमुळे काही भागांत सापपक्षीही म्हणतात. तिरंदाज पोहताना पुष्कळदा फक्त मान पाण्याबाहेर ठेवतो, त्याची चोच सुईसारखी सरळ व टोकदार असते आणि तिला आकडी नसते. पाणकावळ्याच्या वरच्या चोचीचे टोक मात्र खाली वळून त्याची आकडी झालेली असते. हा फरक शिकारीच्या पद्धतीतून आलेला आहे: मानेच्या आठव्या मणक्याजवळ असलेल्या खास सांध्यामुळे तिरंदाजाची मान झटक्यात सरळ होते आणि तो मासा भोसकतो, तर पाणकावळा पाठलाग करून माशाला चोचीत घट्ट पकडतो. वर आलेला पक्षी चोचीत आरपार गेलेला मासा झटकून सोडवताना दिसला, तर तो तिरंदाज होय, हे सांगायला दुर्बिणीचीही गरज पडू नये.

पंख पसरून बसण्याची सवय पाणकावळे आणि तिरंदाज या दोघांतही आढळते आणि ती त्यांच्या बुडण्याच्या कौशल्याशी जोडलेली आहे. पाण्याखाली जायचे असेल तर पिसांत अडकलेली हवा हा मोठाच अडथळा ठरतो, कारण ती शरीराला वर ढकलत राहते. पाणकावळ्याच्या पिसाचा बाहेरचा भाग भिजतो आणि देठाजवळचा आतला भाग जलरोधक राहतो. त्यामुळे तरंगण्याचा जोर कमी होतो, तरीही त्वचेलगत हवेचा एक पातळ थर टिकून शरीराची ऊब वाचते. मोठ्या पाणकावळ्याच्या पिसांची ही दुहेरी रचना 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तपशीलवार मांडली गेली. भिजलेली पिसे सुकवण्यासाठी शिकारीनंतर पंख उघडून बसावे लागते, हेच या सवयीचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. पायांची चारही बोटे एकाच पडद्याने जोडलेली असल्याने, आणि बदकाच्या पायात हा पडदा केवळ पुढच्या तीन बोटांनाच असल्याने, पाण्याखाली दोन्ही पायांनी एकदम रेटा देण्यात पाणकावळा बदकाला सहज मागे टाकतो. ओळखीच्या दृष्टीने यातून निघणारा मुद्दा असा की, हा पक्षी वारंवार भिजतो आणि वारंवार सुकतो, म्हणून त्याच्या पिसाऱ्यावरून, विशेषतः डोक्यावरील पिसांच्या उंचवट्यावरून, बांधलेला अंदाज तासाभरात बदलू शकतो.

आकारमानाचे आकडे पाहिले तर मधला हा शब्द काहीसा फसवा असल्याचे लक्षात येते. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत छोटा पाणकावळा सुमारे 50 ते 55 सेंटिमीटर, भारतीय 61 ते 68 सेंटिमीटर आणि मोठा 80 ते 100 सेंटिमीटर भरतो. वजनातील तफावत याहून बोलकी आहे: छोटा साधारण अर्ध्या किलोपर्यंतचा, भारतीय 600 ते 800 ग्रॅमच्या घरातला, तर मोठा दोन किलोच्या मागे-पुढे आणि कधी त्याहूनही जड. म्हणजे भारतीय पाणकावळा दोघांच्या बरोबर मध्ये नाहीच. तो छोट्याच्या शेजारी आहे आणि मोठ्यापासून बराच दूर. तिघे एका बांधावर ओळीने बसले, तर मोठा वेगळा काढायला क्षण पुरतो, मात्र उरलेल्या दोघांतला दहा-बारा सेंटिमीटरचा फरक जवळच्या-लांबच्या अंतराने आणि बसण्याच्या ढबीने सहज झाकला जातो. एकटा पक्षी असेल तर जवळच्या ओळखीच्या पक्ष्याचे माप घेणे उपयोगी पडते. वारकरी सुमारे 40 सेंटिमीटरचा असतो आणि तो बहुतेक जलाशयांवर सापडतोच. तरीही उन्हाने तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरत असताना किंवा पक्ष्याच्या मागून प्रकाश येत असताना आकारमानावर विसंबणे धोक्याचेच, आणि ज्या नोंदीला ‘आकार मधला वाटला’ यापलीकडे आधार नाही, ती नोंद न केलेली बरी.

चोचीकडे पाहण्याची शिफारस सर्वच अनुभवी निरीक्षक करतात, ती याच कारणाने. पिसे भिजतात, झडतात, हंगामाप्रमाणे रंग बदलतात. चोचीच्या आतले हाड बदलत नाही. छोट्या पाणकावळ्याची चोच आखूड आणि त्या मानाने जाडसर असते, इतकी की ती डोक्याच्या लांबीपेक्षा स्पष्टपणे कमी भरते. भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, सडपातळ आणि शेवटी ठळक आकडी असलेली असते. तिची लांबी डोक्याएवढी किंवा किंचित जास्तच वाटते. पक्षी अगदी आडवा, म्हणजे बाजूने, दिसत असताना चोचीची लांबी मनातल्या मनात उचलून डोक्यावर ठेवून पाहिली आणि ती डोळ्याच्या मागे डोक्याच्या कडेपर्यंत पोचली, तर तो भारतीय. अलीकडेच संपली, तर छोटा. ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही, कारण डोके थोडे जरी निरीक्षकाच्या दिशेने वळलेले असले तरी चोच आखूड भासते. म्हणून पक्षी मान फिरवून पूर्ण आडवा होईपर्यंत थांबणे हा या पद्धतीचा अनिवार्य भाग आहे. मोठ्या पाणकावळ्याची चोचही लांब असते, मात्र ती दणकट, बुडाशी जाड असते, आणि तिच्यामागचे डोके व मान तितकेच भरदार असतात. भारतीयाच्या बाबतीत मान बारीक, डोके लहान आणि चोच किडकिडीत, असा एकूण मेळ असतो.

डोक्याची बाह्यरेषा हे दुसरे लक्षण. छोट्या पाणकावळ्याचे कपाळ चोचीच्या बुडापासून चटकन वर चढते आणि डोके चौकोनी-गोलसर दिसते, तर भारतीयाचे कपाळ उताराने मागे सरकत जाऊन डोक्याचा उंच भाग डोळ्याच्या मागे येतो. मोठ्याचे डोके कोनदार आणि माथ्यावर सपाट असते. ही रेषा पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या पक्ष्यात पाहू नये. ओल्या डोक्याचा छोटा पाणकावळाही सपाट कपाळाचा दिसतो. चोच आणि कपाळ ही दोन्ही लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर निर्णय जवळजवळ पक्का होतो, आणि ती परस्परविरोधी असतील तर चोचीचा शब्द मानावा.

डोळ्याच्या रंगाला मात्र अनेकदा गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. प्रौढ भारतीय पाणकावळ्याचा डोळा निळसर-हिरवा असतो आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तो चमकतोही सुरेख. छोट्याचा डोळा सहसा काळपट दिसतो. परंतु मोठ्याचा डोळाही हिरवाच असतो, छोट्याच्या काही प्रौढ पक्ष्यांतही हिरवट छटा दिसते, आणि उंदराच्या डोळ्याएवढा तो ठिपका पन्नास मीटरवरून कोणत्या रंगाचा आहे, हे ठरवण्यात डोळ्यांपेक्षा इच्छेचाच भाग मोठा असतो. डोळ्याचा रंग चोचीने दिलेल्या निर्णयाला दुजोरा म्हणून घ्यावा, एकटा पुरावा म्हणून नव्हे.

गळ्याकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: खालच्या चोचीच्या बुडाशी असलेली उघडी, पिसे नसलेली त्वचा, जिला कंठपिशवी म्हणता येईल, आणि तिच्या भोवतीची पिसे. मोठ्या पाणकावळ्यात ही त्वचा पिवळी असून तिच्यामागे गालावर-गळ्यावर पांढऱ्या पिसांचा रुंद पट्टा असतो, जो दूरवरून उठून दिसतो. भारतीयातही त्वचा पिवळी असते, पण तिची व्याप्ती कमी असते आणि भोवतीचा फिकटपणा असलाच तर तो कडा अस्पष्ट असलेला, तपकिरीत विरघळणारा असतो. छोट्याच्या गळ्यावर विणीबाहेरच्या काळात हनुवटीपाशी छोटासा, नेमका पांढरा ठिपका दिसतो. पाठीच्या आणि पंखांच्या पिसांना असलेल्या काळ्या किनारीमुळे उमटणारी खवल्यांची नक्षी तिघांतही कमी-अधिक असते. भारतीयात तिच्यामागचा रंग कांस्य-तपकिरी आणि छोट्यात चंदेरी-करडा असतो, पण हा भेद चांगल्या उजेडातच टिकतो.

विणीच्या हंगामात निसर्ग निरीक्षकावर मेहेरबान होतो. या काळात मोठ्या पाणकावळ्याच्या डोक्यावर व मानेवर रेशमी पांढऱ्या पिसांची दाट पेर होते आणि मांडीवर मोठा पांढरा डाग येतो. हा डाग उडत्या पक्ष्यातही दिसतो आणि तो इतर दोघांत कधीच नसतो. भारतीय पाणकावळा तेव्हा झळाळता काळा होतो आणि त्याच्या डोळ्यामागे, कानाच्या जागी, पांढऱ्या पिसांचा एक लहान झुबका उगवतो. छोटाही चकचकीत काळा होतो, त्याच्या कपाळावर आणि डोक्याच्या बाजूंना तुरळक पांढरी पिसे येतात आणि मागे आखूड तुरा उभा राहतो, पण कानाजवळ एकवटलेला झुबका त्याला नसतो. ही आभूषणे थोडेच आठवडे टिकतात. घरटी बांधून झाली की पांढरी पिसे गळू लागतात. उत्तर भारतात हा हंगाम बहुधा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास असतो, तर दक्षिणेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे उत्तरेकडील वर्णनावरून दक्षिणेकडील पक्ष्याची अपेक्षा ठरवू नये. पाण्यातील वा पाण्याकाठच्या झाडांवर बगळे, चित्रबलाक, तिरंदाज आणि पाणकावळे यांची जी सामूहिक वीण-वसाहत होते, तिला मारुती चितमपल्लींनी सारंगागार हा शब्द रूढ केला. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील सारंगागारात तीनही पाणकावळे घरटी करतात, आणि तुलना शिकायची असेल तर अशा जागेसारखा वर्ग नाही.

अपरिपक्व पक्षी हे या विषयातले सर्वांत अवघड प्रकरण आहे. वर्ष-दोन वर्षांपर्यंतचे पाणकावळे काळे नसतात. ते वरून तपकिरी आणि खालून फिकट असतात. मोठ्याच्या पिल्लाचे पोट व छाती बहुधा बरीच पांढरी असते, भारतीयाचा खालचा भाग मळकट पांढरा, मध्येच तपकिरी शिंतोडे असलेला, आणि छोट्याचा त्याहून गडद, पण या छटा एकमेकींत मिसळतात. पांढऱ्या पोटाचा तरुण भारतीय पाणकावळा एकटा दिसला की तो मोठ्याचे पिल्लू ठरवण्याची चूक वारंवार होते. इथे रंग सोडून पुन्हा घडणीकडे वळावे लागते: मोठ्याच्या पिल्लाची मान जाड आणि चोच जड असते, हंसकुळातील पक्ष्याची आठवण देणारी भारदस्त चण त्याला लहानपणीच आलेली असते, तर भारतीयाचे पिल्लू काटकुळेच असते.

उडताना चोच मापायला वेळ मिळत नाही, तेव्हा पंखांची लय पाहावी. छोटा पाणकावळा पंख भराभर मारतो, त्याची मान आखूड आणि शेपटी शरीराच्या मानाने लांब वाटते. मोठा सावकाश, जोरकस पंख मारतो आणि अनेक पक्षी तिरक्या रांगेत किंवा बाणाच्या आकारात जातात. भारतीय या दोहोंच्या दरम्यान असतो, त्याची मान बारीक आणि पुढे काढलेली, शेपटी लांब. मात्र केवळ उड्डाणावरून त्याचे नाव निश्चित करणे बऱ्याच सरावानंतरही धाडसाचे असते. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांकडे जाणाऱ्या मिश्र थव्यात मात्र तीनही आकार एकाच चौकटीत येतात आणि मग जो पक्षी थोडाच मोठा दिसतो, तो भारतीय, हा तर्क चालू शकतो.

पाण्याच्या प्रकारावरून अंदाज बांधण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि ती अर्धीच खरी आहे. छोटा पाणकावळा कुठेही भागवतो: गावचे तळे, भातखाचरातले पाणी, शहराच्या मधून वाहणारी मैली नदी, पुण्यातली मुळा-मुठा असो वा एखादा नाला. मोठ्याला खोल व विस्तीर्ण पाणी मानवते. उजनी आणि जायकवाडीसारख्या जलाशयांवर तो दिसतो. भारतीय पाणकावळा मोठ्या तळ्यांवर, नद्यांवर आणि विशेषतः खाड्या व कांदळवनांत आढळतो, आणि गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठांवर रोवलेल्या खांबांवर पंख वाळवणारे पाणकावळे पाहताना ही जात मनात ठेवणे अगत्याचे ठरते. पण नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर या पाणथळीवर, किंवा कोणत्याही मध्यम धरणावर, तिघे एकत्र सापडू शकतात. जागा शक्यता सांगते, जात सांगत नाही. वागणुकीचेही तसेच: छोटे आणि भारतीय पाणकावळे थव्याने मासे घेरून एकदम बुड्या मारतात, मोठे आतल्या पाण्यांवर अनेकदा एकेकटे शिकार करतात, पण भरपूर मासे असलेल्या ठिकाणी हा नियम तिघेही मोडतात.

दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत, जिला 1987 मध्ये भारतीय उपखंडात सुरुवात झाली, पाणकावळ्यांचे आकडे जातवार मागितले जातात. भारतीय पाणकावळ्याचा प्रदेश भारतीय उपखंडापासून पूर्वेला थायलंड-कंबोडियापर्यंत, म्हणजे मोठ्याच्या तुलनेत बराच मर्यादित आहे, त्यामुळे त्याच्या संख्येतली वाढ-घट कळण्यासाठी याच नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. गणनेच्या पहाटे धुक्यात दूरवर दिसणारे शंभर काळे पक्षी अंदाजाने तीन रकान्यांत वाटून टाकण्यापेक्षा, जेवढ्यांची चोच नीट दिसली तेवढ्यांना नाव देऊन उरलेल्यांपुढे ‘पाणकावळा, जात अनिश्चित’ असे लिहिणे अधिक मोलाचे असते; ई-बर्डसारख्या नोंदप्रणालीतही त्यासाठी वेगळी सोय आहे. सकाळ चढून ऊन पक्ष्यांच्या समोरून पडू लागले आणि ते पंख वाळवायला बांधावर आले, की त्याच थव्याकडे पुन्हा एकदा पाहता येते. तोवर पिसेही बरीच सुकलेली असतात आणि कपाळाची रेषा खरी दिसू लागते.